वाचायला कोड कोणता निवडायचा?

(कासारसाई, ता. मुळशी येथे संगणक शिकणाऱ्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचं शब्दांकन. बोलण्याची भाषा मुद्दाम तशीच ठेवली आहे.)



सकाळी प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली होती. मनातला प्रश्न लिहा, नाव लिहू नका, असं सांगितलं होतं. चिठ्ठ्या वाचल्या तर निम्म्याहून अधिक जणींचा प्रश्न एकच, शब्द फक्त वेगळे. ‘डिप्लोमा झाला, क्लासही झाला, आता पुढे कसं शिकू?’ ‘सर म्हणतात ओपन सोर्स कोड वाचा. कुठला वाचू?’ आणि एकीने लिहिलंय, ‘एक मोठा प्रकल्प उघडून आठ दिवस बसले. काहीच कळलं नाही. मला हे जमणार नाही असं वाटतं.’

या शेवटच्या चिठ्ठीपासूनच सुरुवात करू. जिने ती लिहिली तिला माझं सांगणं एवढंच, की त्या आठ दिवसांत तुझ्या बुद्धीची परीक्षा झाली नाही. पहिलीतल्या मुलीच्या हातात ज्ञानेश्वरी दिली आणि तिला ती उमगली नाही, तर आपण त्या मुलीला ढ म्हणत नाही. काय वाचायचं हे कसं निवडावं, ते तुला कुणी सांगितलंच नव्हतं. आज आपण तेवढंच बोलू.

आयांसाठी आधी थोडं सांगते. कॉम्प्युटरला काम सांगण्यासाठी जे लिहावं लागतं त्याला कोड म्हणतात. आपण कासारसाईत बसलोय. इकडे धरण, तिकडे साखर कारखाना, आणि थोडं पुढे गेलं की हिंजवडीच्या काचेच्या इमारती. त्या इमारतींत आसपासच्या गावांतल्या बायका रोज जातात. कुणी साफसफाईला, कुणी कँटीनला. एखादीची मुलगी आत कॉम्प्युटरसमोर बसायला जाते. पण आत जो कोड लिहिला जातो तो कुलुपात असतो. तो कंपनीचा माल. बाहेरच्या माणसाला त्यातली एक ओळही दिसत नाही. ओपन सोर्स म्हणजे ज्याचं कुलूप काढलेलं आहे असा कोड. तो कुणीही वापरावा, वाचावा, बदलावा, दुसऱ्याला द्यावा, अशी लेखी मुभा त्याबरोबरच दिलेली असते. त्या लेखी मुभेला परवाना म्हणतात. त्यासाठी फी नाही, ओळख नाही, गेटवरचा पास नाही.

ही मुभा आपोआप मिळालेली नाही. १९७६ साली ऑस्ट्रेलियात जॉन लायन्स नावाच्या प्राध्यापकांनी ‘युनिक्स’ या प्रणालीचा कोड, सुमारे नऊ हजार ओळी, विद्यार्थ्यांसाठी छापला आणि त्यावर ओळीओळीचं विवेचन लिहिलं. चालत्या यंत्रणेचा कोड पुस्तकासारखा वाचून शिकायचा, हा मोठाच प्रयोग होता. १९७९ मध्ये युनिक्सच्या नव्या आवृत्तीच्या परवान्याने तो कोड वर्गात शिकवायला मनाई केली. मग त्या पुस्तकाच्या झेरॉक्स, झेरॉक्सच्या झेरॉक्स, हातोहात फिरल्या. ते रीतसर छापून विकायला आलं ते १९९६ साली. कितीतरी वर्षं लोक ते चोरून वाचत होते! ज्यांना वाचायला बंदी होती त्यांनी लपून वाचलं, ही गोष्ट आपल्याला, बायकांना, काही वेगळी समजावून सांगायला नको. आज ती बंदी या कोडापुरती तरी नाही. मग आपण वाचायचं का नाही?

क्लासमध्ये काय होतं? कोरी फाइल उघडायची आणि सरांनी फळ्यावर लिहिलेलं उतरवायचं. नोकरीत मात्र कोरी फाइल क्वचित मिळते. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कुणी लिहिलेल्या, आता कंपनीत नसलेल्या माणसांच्या कोडात शिरायचं असतं आणि काहीही न मोडता दोन ओळी बदलायच्या असतात. नव्या सुनेला सासरच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी सोडतात ना, तसं. डबे कुठले, मीठ कुठे, कुठल्या झाकणाला हात लावलेला चालत नाही, हे सगळं न विचारता शोधायचं! बायकांना ही शोधाशोध न शिकवता येते. कोडाच्या बाबतीत मात्र ती कुणी शिकवत नाही.

शिवाय आता कोड लिहून देणारी यंत्रं आली आहेत. सांगितलं की क्षणात दोनशे ओळी हजर. त्यातली कुठली ओळ बरोबर, कुठली नुसती बरोबर दिसते, हे ज्याला वाचता येतं तोच ओळखेल. नुसतं लिहिता येणारीपेक्षा वाचून पारखता येणारीची किंमत वाढणार आहे. म्हणून ही निवड जपून करायची.

तर मग निवडायचं कसं? बहुतेक जण सांगतात, प्रसिद्ध प्रकल्प घ्या, ज्याला जास्त लोकांनी चांदण्या दिल्यात तो घ्या. मी याच्या उलट सांगणार आहे. ज्या कामाची जाण तुम्हाला आधीपासून आहे, त्या कामाचा कोड घ्या. कारण कोड न कळण्याची कारणं दोन असतात. एक, ती भाषा नवी. दोन, ते कामच नवं. दोन्ही नवं असलं की माणूस बुडतो. काम ओळखीचं असलं, तर निम्मी वाट चालून झालेली असते.

उदाहरण देते. इथल्या कितीतरी जणींच्या आया बचत गटात आहेत. गटाची वही रात्री घरी येते आणि ती लिहायला मुलीलाच बसवतात. जमा, कर्ज, व्याज, शिल्लक. आणि शेवटी मेळ बसला पाहिजे, नाहीतर दुसऱ्या दिवशी बैठकीत भांडण! आता ‘बीनकाउंट’ नावाचा हिशेब ठेवण्याचा एक प्रकल्प आहे. पायथन भाषेत लिहिलेला. त्याचा गाभ्याचा नियम तुमच्या आईच्या वहीतलाच आहे. प्रत्येक व्यवहाराच्या दोन बाजू, आणि दोन्हींची बेरीज शून्य. हातातली रोकड शंभराने वाढली, तर दुसऱ्या कुठल्यातरी खात्यात शंभर कमी दिसलेच पाहिजेत. हा नियम माहीत असलेली मुलगी तो कोड उघडून लगेच विचारू शकते, की बेरीज शून्य आली की नाही, हे इथे कोणत्या ठिकाणी तपासतात?

शोधत गेलं की पुढची गंमत सापडते. या कोडात पैशांसाठी साधी दशांश संख्या वापरत नाहीत, पायथनमधला ‘डेसिमल’ हा वेगळा प्रकार वापरतात. का? तर कॉम्प्युटर साध्या पद्धतीने ०.१ आणि ०.२ यांची बेरीज करतो तेव्हा उत्तर नेमकं ०.३ येत नाही. ०.३ च्या पुढे पंधरा शून्यं आणि मग एक चार येतो. घरी करून बघा. कॉम्प्युटर आकडे दोनच अंकांत मांडतो, शून्य आणि एक, आणि त्या मांडणीत ०.१ पुरता बसतच नाही. पुस्तकात हे एका ओळीत असतं आणि आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो. पण गटातल्या वीस बायकांच्या पैशांचा मेळ याच्यामुळे चुकू शकतो, हे लक्षात आलं की ते जन्मभर विसरत नाही. शिवाय बारीक फरकाला किती माफी द्यायची, याचाही नियम तिथे लिहिलेला आहे. आई पैसे सोडून रुपयावर हिशेब आणते, तोच हा प्रश्न.

दुसरं उदाहरण अंगणवाडीचं. तुमच्यापैकी कुणाची आई, काकू, मावशी सेविका किंवा मदतनीस असेलच. २०१८ पासून अनेक राज्यांत अंगणवाडीच्या नोंदी मोबाइलवर घ्यायला लागले. तेव्हाचं जे ॲप होतं ते ‘कॉमकेअर’ या ओपन सोर्स यंत्रणेवर उभं होतं. २०२१ साली त्याच्या जागी ‘पोषण ट्रॅकर’ आलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करण्याचं आंदोलन केलं. फोन निकृष्ट आहेत, सारखे बिघडतात, आणि नव्या ॲपमध्ये मराठी नाही, या त्यांच्या तक्रारी होत्या. या बायकांनी कोडाची एकही ओळ वाचलेली नव्हती. तरी काय चुकतंय ते त्यांना नेमकं सांगता येत होतं. हेही ज्ञानच आहे. मुलाचं वजन, गरोदर बाईची नोंद, रेंज नसलेल्या वाडीवर भरलेला फॉर्म, हे सगळं त्यांना आतून ठाऊक आहे. अशा घरातली मुलगी कॉमकेअरचा कोड उघडते तेव्हा ती रिकाम्या हातांनी येत नाही. तो कोड आजही वाचायला खुला आहे.

पण कॉमकेअर मोठं आहे. सर्व्हरवरचा भाग पायथनमध्ये, फोनवरचा मुख्यतः जावामध्ये. सगळं वाचायला घेतलं तर लग्न, बाळंतपण आणि नातवंडं होईपर्यंत पुरेल! म्हणून त्यातला एकच प्रश्न धरायचा. रेंज नसताना भरलेला फॉर्म फोनमध्ये कुठे राहतो आणि रेंज आल्यावर तो कसा जातो? किंवा, एकाच प्रश्नाची मराठी आणि इंग्रजी अशी दोन रूपं कुठे साठवतात? एवढ्या एका धाग्याने आत जायचं आणि तेवढंच वाचून बाहेर यायचं.

ही झाली आकाराची गोष्ट. प्रकल्प एवढा हवा की निदान त्याचा एक भाग तरी पुरा वाचून होईल. लिनक्सचं नाव सगळ्यांनी ऐकलंय. १९९१ साली तो पहिल्यांदा आला तेव्हा सुमारे दहा हजार ओळींचा होता. आज तो तीन कोटींच्या वर गेला आहे. आजचा लिनक्स उघडून ‘मला जमत नाही’ म्हणणं म्हणजे पुण्याची अख्खी मतदार यादी वाचून कुणाचा स्वभाव कळला नाही म्हणण्यासारखं आहे. यावर एक युक्ती आहे. मोठ्या प्रकल्पाची जुनी, अगदी पहिली आवृत्ती वाचा. ‘गिट’ हे कोडाचा इतिहास सांभाळणारं साधन आज जगभर वापरतात. २००५ च्या एप्रिलमध्ये त्याची पहिली नोंद झाली तेव्हा ते हजार-बाराशे ओळींचं होतं. मूळ कल्पना सगळी त्यात आहे, पुढच्या वीस वर्षांची वाढ नाही. सी भाषा येत असेल तर पंधरा दिवसांत वाचून होईल.

लहान मुलांसाठीचं ‘शुगर’ हेही असंच एक चांगलं उदाहरण आहे. २००७ साली कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या शाळेत मुलांना छोटे हिरवे लॅपटॉप दिले गेले होते. त्या लॅपटॉपवर शुगर चालायचं. त्यातला एकेक खेळ म्हणजे पायथनमधला एक छोटा स्वतंत्र प्रकल्प. आणि त्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर एक खास बटण होतं. ते दाबलं की जे चाललंय त्याचा कोड समोर यावा, अशी ती कल्पना. बघा, ज्यांनी ते यंत्र केलं त्यांना वाटलं की आदिवासी पाड्यावरच्या पोरालाही आतलं बघायचा हक्क आहे. ते लॅपटॉप आता जुने झाले, शुगरचा कोड मात्र आजही उघडा आहे. धाकट्या भावंडांना शिकवत असाल तर हा घ्या.

तिसरी गोष्ट, घेतलेला कोड आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर चालला पाहिजे. न चालवता कोड वाचणं म्हणजे पोहण्याचं पुस्तक वाचणं. जुना, कमी मेमरीचा कॉम्प्युटर, तो भावाबरोबर वाटून घ्यायचा, मध्येच वीज जायची, नेट फोनवरून घ्यायचं, ही आपली परिस्थिती. ज्या प्रकल्पाला चालवायलाच चार सर्व्हर आणि कुणाचं तरी क्रेडिट कार्ड लागतं, तो कितीही नावाजलेला असला तरी आज आपल्या कामाचा नाही. एक सोय सांगून ठेवते. गिटने प्रकल्प एकदा उतरवून घेतला की त्याचा पूर्ण इतिहास आपल्या कॉम्प्युटरवर येतो. नंतर महिनाभर नेट नसलं तरी काही अडत नाही. कॉलेजात नेट असेल तेव्हा उतरवून घ्या.

चौथी गोष्ट, इतिहास आणि चाचण्या. प्रत्येक बदलाबरोबर तो का केला याची नोंद लिहितात. काही प्रकल्पांत ती नोंद ‘दुरुस्ती’ एवढीच असते. काहींत मात्र चार ओळी असतात. कुणाला काय अडचण आली, कोणते दोन उपाय सुचले, हाच का निवडला. असे प्रकल्प निवडा. कोड सांगतो काय केलं, नोंद सांगते का केलं. आणि आपल्याला शिकायचं आहे ते ‘का’. चाचण्या म्हणजे कोड बरोबर चालतो की नाही हे तपासणारा दुसरा कोड. ‘एसक्यूलाइट’ नावाची माहिती साठवण्याची एक छोटी यंत्रणा आहे. आपल्या हातातल्या अँड्रॉइड फोनमध्ये ती असते. तिचा स्वतःचा कोड दीड लाख ओळींच्या आसपास, पण तिच्या चाचण्यांचा कोड त्याच्या शेकडो पट आहे. स्वयंपाक एक वाटी आणि चव घेणारे गावभर! एवढी काळजी का घेतात, हे पाहण्यासाठी तरी त्या चाचण्यांत डोकवा. मात्र एसक्यूलाइटवाले बाहेरच्यांचे बदल सहसा घेत नाहीत. वाचायला खुलं, लिहायला नाही. हा फरक आधी माहीत असावा, म्हणजे मनाला लागत नाही.

आता आपल्या भाषेचं एक उदाहरण, कारण त्यात आपल्याइतकं तज्ज्ञ दुसरं कुणी नाही. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन शब्द घ्या. एक समुद्र, दुसरा डोंगरातला. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक तर लग्नाच्या मांडवात सगळ्यांना कळतो! पहिल्यात र डोक्यावर रफार होऊन बसतो, दुसऱ्यात तो य च्या आधी आडव्या छोट्या रेघेसारखा येतो. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज पडत नाही, मराठीला पडते. तर कॉम्प्युटरला हे कळतं कसं? अक्षरांच्या संकेतांत ‘ऱ’ ला स्वतःचा वेगळा क्रमांक आहे. तो, मग हलन्त, मग य, असा क्रम आला की पडद्यावर आडवी रेघ काढायची. हे जुळवून देणारा एक प्रकल्प आहे, ‘हार्फबझ’. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, लिबरऑफिस, सगळे तोच वापरतात. त्यात भारतीय लिप्यांसाठी वेगळा भाग आहे आणि चाचण्यांत देवनागरीचे नमुने आहेत. सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला आहे, सोपा नाही. पहिलं वाचन म्हणून मी तो सुचवणार नाही. पण दुसऱ्या वर्षी जरूर घ्या. त्याआधी ‘लोहित’ या खुल्या फाँटच्या फाइली बघा. त्याची अक्षरं पुण्याच्या एका कंपनीने पुरवली आणि रेड हॅटने ती सर्वांना खुली केली. जगातल्या कुठल्याही मोठ्या प्रोग्रॅमरपेक्षा ‘दऱ्या’ बरोबर दिसतंय की नाही, हे तुम्ही चटकन सांगाल.

पाचवी गोष्ट माणसांची. कोड माणसं लिहितात आणि ती आपसांत बोलतात. ओपन सोर्समध्ये ते बोलणंही उघडं असतं. प्रकल्प निवडण्याआधी एक संध्याकाळ फक्त ते बोलणं वाचा. नव्या माणसाने साधा प्रश्न विचारला तर उत्तर कसं देतात? टिंगल करतात का? चूक दाखवताना कोडाला नावं ठेवतात की माणसाला? २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहबवरचे लाखो बदल तपासले होते. एकंदरीत पाहता बायकांनी पाठवलेले बदल पुरुषांपेक्षा जास्त प्रमाणात स्वीकारले गेले होते. पण बाई त्या प्रकल्पात नवखी असेल आणि ती बाई आहे हे नावावरून कळत असेल, तर तिचे बदल स्वीकारण्याचं प्रमाण घसरत होतं. म्हणजे काम चांगलंच होतं, आडवं आलं ते नाव. त्यामुळे एखाद्या ठिकाणी वाईट उत्तर मिळालं तर ते स्वतःच्या अकलेवर घेऊ नका. तिथून उठा, दुसरा प्रकल्प घ्या. प्रकल्प लाखो आहेत, तुम्ही एक आहात.

आणि आता एक गोष्ट जी या विषयावर बोलताना सहसा कुणी बोलत नाही. ओपन सोर्समध्ये वाचलंत की लगेच काम करून द्या, असा आग्रह असतो. तिथे करण्यासारखी कामं पुष्कळ. भाषांतर करा, माहितीपत्रकं लिहा, नव्यांना उत्तरं द्या. यातलं निस्तरायचं आणि समजावायचं काम बायकांकडे कसं येतं, हे तुम्ही घरात पाहिलेलं आहे. फुकटची मेहनत आपल्याला नवी नाही. ज्याला नोकरीनंतर संध्याकाळ मोकळी मिळते आणि ताट वाढलेलं मिळतं, तो आपला वेळ सेवेला देऊ शकतो. जिचा दिवस पाणी भरण्यापासून भांडी घासण्यापर्यंत जातो, तिच्याकडे असलेला एक तास तिने आधी स्वतःच्या शिक्षणाला द्यावा. वाचनाचं कर्ज कुणी तुमच्या डोक्यावर ठेवलेलं नाही. परवान्यानेच वाचायचा हक्क दिलाय, तो उपकार नव्हे.

पुढे काम करावंसं वाटलं तर तेही हिशेबाने करा. ज्या कामातून आपण काही शिकतो, जिथे आपलं नाव लागतं, किंवा जिथे पैसे मिळतात, ते आधी. २००६ साली ग्नोम या प्रकल्पाने बायकांसाठी उन्हाळी उमेदवारी सुरू केली. २०१० पासून ती नियमित झाली आणि २०१५ पासून तिला ‘आउटरीची’ म्हणतात. निवड झालेल्यांना ओपन सोर्स प्रकल्पात काम करायला मानधन मिळतं, अनुभवी माणूस सोबतीला मिळतो, आणि काम घरी बसून करता येतं. तिची एक अट मला आवडते. अर्ज करणारीने आधी त्या प्रकल्पात छोटंसं काम करून दाखवायचं. मोठ्या कॉलेजच्या नावावर किंवा फाडफाड इंग्रजीवर सगळं ठरत नाही, केलेलं काम समोर असतं. वर्षभर एक प्रकल्प नीट वाचलेल्या मुलीला ही अट जड जात नाही.

वाचायचं कसं, हेही थोडक्यात सांगते. वही घ्या, खरीखुरी कागदाची. वर प्रश्न लिहा, एकच. उत्तर शोधताना जिथे जिथे गेलात त्या फाइलींची नावं लिहा. समजलेलं मराठीत दोन वाक्यांत लिहा. मराठीत लिहिता आलं नाही तर ते समजलेलं नाही, पाठ झालंय, एवढं ओळखा. मग एक ओळ मुद्दाम बदला आणि काय मोडतं ते बघा. आपल्या कॉम्प्युटरवर मोडलं तर जगात कुणाचं काही बिघडत नाही. शेवटी फाइल बंद करा आणि तो छोटा भाग स्वतः लिहून काढा. मग मूळ कोडाशी ताडून बघा. कुठे त्यांचं बरं, कुठे तुमचं बरं. हो, कधीकधी आपलंही बरं निघतं!

मुलाखतीत ‘काय येतं?’ असं विचारतात तेव्हा सगळ्या जणी भाषांची नावं सांगतात. पायथन, जावा, सी. त्याऐवजी असं सांगता आलं पाहिजे, की ‘मी हिशेबाच्या एका प्रकल्पात व्यवहाराचा मेळ कसा तपासतात ते वाचलं, त्यांनी हा मार्ग का निवडला ते मला माहीत आहे, आणि मी असतं तर अमुक ठिकाणी वेगळं केलं असतं.’ समोरच्याला कळतं की ही मुलगी दुसऱ्याच्या कोडात शिरू शकते.

आता आयांना एक विनंती. घरोघरी मुलींना मुदत दिलेली असते. दोन वर्षांत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर स्थळं बघू. त्या मुदतीवर आपण वेगळं भांडूच. पण मुदत दिलीच असेल, तर त्यातला रोजचा एक तास तरी खरोखर तिचा असू द्या. त्या तासात पाहुण्यांना चहा तिने करायचा नाही. भाकऱ्या थापायला तिच्या भावाला बसवा, त्याचेही हात शिकतील. आणि ती वहीत डोकं घालून बसली, कीबोर्डवर बोटं चालत नाहीत, म्हणून ती रिकामी बसलीय असं समजू नका. ती वाचतेय.

जेवणानंतर आपण पाच-पाच जणींचे गट करणार आहोत. शेजारच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर तीन प्रकल्प उतरवून ठेवलेत. बीनकाउंट, शुगरमधला एक खेळ, आणि गिटची पहिली आवृत्ती. नेट लागणार नाही. प्रत्येक गटाने एक निवडायचा, आणि तोच का निवडला हे आधी सर्वांना सांगायचं. ‘सोपा वाटला’ हे कारण चालेल. ‘आईची वही आठवली’ हेही चालेल. ‘सगळे तोच घेतायत’ हे मात्र चालणार नाही. मग एक प्रश्न ठरवायचा आणि पाच वाजेपर्यंत त्याच्या मागे जायचं. पुढचे तीन महिने, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रत्येक गटाने आपापल्या गावात याच प्रकल्पावर बसायचं. वह्या घेऊन या.